भिंतीवरचं जाड अक्षर

'बीड' ही दोन अक्षरं जाड ब्रशने लिहायला घेतली की पहिल्याच अक्षराशी अडतं. 'ब'च्या पोटात एक तिरकी रेघ असते. अक्षर जाड होत जाईल तसं पोट भरत जातं, रेघेला जागा उरत नाही, आणि रेघ बुजली की 'बीड'चं 'वीड' होतं. आष्टीचीही तीच गत. 'ष'मधली रेघ गेली की खाली 'प' उरतो. धारूरच्या 'ध'ला डाव्या बाजूची गाठ आणि शिरोरेषेतली फट, दोन्ही सांभाळावी लागतात. नाहीतर लोक 'घारूर' वाचतात. परळीच्या 'ळ'मध्ये दोन वाटोळी घरं एकमेकांना खेटून बसलेली, गेवराईच्या 'ई'वर शिरोरेषेच्या वरचा आकडा, अंबाजोगाईत ओकार, अनुस्वार आणि तोच आकडा एकाच ओळीत. बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. त्यांची नावं जाड, गोलसर अक्षरात एका फळ्यावर लिहायची तर देवनागरीच्या जवळजवळ सगळ्या अवघड जागा येऊन जातात. त्यातल्या त्यात पाटोदा सोपा.

ही परीक्षा मुंबई-पुण्याच्या अक्षररचनाकारांनी संगणकावर दिली, त्याच्या कितीतरी आधी जिल्ह्यातल्या पेंटरांनी दिली होती. शाळेच्या भिंतीवर, एसटीच्या पाटीवर, बैलगाडीच्या फळीवर आणि नंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. कोपरे मऊ केलेलं, सगळीकडे सारख्या जाडीचं, लांबून वाचता येणारं हे अक्षर कुठल्याही छापखान्यात जन्मलेलं नाही. ते रस्त्यावर घडलं, आणि त्याचा इतिहास लिहायचा तर रस्त्यावरूनच लिहावा लागतो.

अक्षर कागदाबाहेर नेण्याची हौस या जिल्ह्याला जुनीच आहे. अंबाजोगाईत यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्या काळातले तेराव्या शतकातले शिलालेख आहेत. त्याच गावात दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिलं, आकृत्यांसह. दासोपंतांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची अशी आख्यायिका आहे, आणि सव्वा लाख ओव्यांचा म्हणून सांगितला जाणारा 'गीतार्णव' पाहता ती खोटी वाटत नाही. बोरूने कागदावर लिहिणं वेगळं आणि कापडाच्या एवढ्या मोठ्या पटावर अक्षरं बसवणं वेगळं. ओळी कुठे सुरू करायच्या, आकृतीला किती जागा सोडायची, मोकळी जागा कशी राखायची, याचा विचार पाटी रंगवणाऱ्याला करावा लागतो तसाच तिथे करावा लागला असणार.

बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. त्यामुळे हात ज्या दिशेने वळेल तशी रेघ जाड-बारीक होते. बाळबोध देवनागरीचं सगळं सौंदर्य या जाड-बारीकपणात आहे, आणि छपाई आली तेव्हा खिळ्यांनी तेच वळण उचललं. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळे कोरले. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापलं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि राणोजी रावजी आरू यांच्या हातून उतरलेल्या निर्णयसागरी टायपाने पुढे कित्येक पिढ्यांची वाचनाची सवय घडवली. तो टाईप पोथीतल्या अक्षराचा वारस होता. डोळ्यांपासून हातभर अंतरावर धरून वाचायचा.

लांबून वाचायच्या अक्षराकडे छापखान्यांनी फार लक्ष दिलं नाही, त्याला कारणही होतं. रोमन लिपीत एखादं नवं जाड वळण आणायचं तर मोठी आणि लहान मिळून बावन्न अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं केली की काम भागतं. देवनागरीत मूळ अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वर-खाली लागणाऱ्या मात्रा आणि वेलांट्या मिळून शेकडो खिळे लागतात. प्रत्येक वजनासाठी तेवढे साचे नव्याने कोरायचे म्हणजे फाउंड्रीला वर्षानुवर्षांचं काम. त्यामुळे जुळाऱ्यांच्या केसमध्ये एक साधा आणि एक ठळक, एवढाच टाईप असायचा. जाहिरातीच्या किंवा जलशाच्या मोठ्या अक्षरांसाठी लाकडी टाईप वापरत, कारण तेवढं शिसं ओतणं महागही पडायचं आणि उचलायलाही जड व्हायचं. देवनागरी टायपाच्या या सगळ्या खटाटोपाचा लेखाजोखा बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' या ग्रंथाच्या खंडांत मांडला. मुद्रणकलेची आवड असणाऱ्या कुणीही तो एकदा तरी चाळावा.

बीडची गोष्ट मात्र मुंबई इलाख्यापेक्षा वेगळी आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, कचेऱ्यांचे फलक उर्दूत, अंबाजोगाईचं सरकारी नाव मोमिनाबाद. मराठी घरात होती, कीर्तनात होती, बाजारात होती. पण सार्वजनिक जागेवर मोठ्या अक्षरात मराठी लिहिलेली दिसणं ही रोजची गोष्ट नव्हती. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, त्या दिवशी शेजारचा बीड अजून निजामाकडेच होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. या बारा वर्षांत जिल्ह्याच्या भिंती आणि पाट्या देवनागरीत आल्या. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, सहकारी सोसायटी, आरोग्य केंद्र: प्रत्येकाला नाव हवं होतं, तेही मोठं, ठळक आणि नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसालाही कळेल असं. त्यासाठी खिळे उपयोगाचे नव्हते. पेंटर लागायचा.

पेंटरचं अक्षर गोल का झालं, हे त्याचं काम पाहिलं की कळतं. भिंतीला आधी चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा हात दिलेला असतो. मग दोन माणसं रंगात किंवा निळीत बुडवलेली दोरी ताणून धरतात आणि टिचकी मारून भिंतीवर सरळ रेघा उमटवतात, वरची शिरोरेषेची आणि खालची अक्षराच्या पायाची. खडूने अक्षरांच्या जागा आखल्या जातात. 'म'ला जास्त, 'र'ला कमी, 'ज्ञ'ला सगळ्यात जास्त. मग ब्रश. चपट्या ब्रशने चौकोनी टोक काढायचं तर एक रेघ ओढून झाल्यावर दोन्ही कोपऱ्यांना पुन्हा हात लावावा लागतो. गोल ब्रश टेकवला, ओढला आणि उचलला की टोक आपोआप गोल होतं. खडबडीत गिलाव्यावर टोकदार कोपरा काढला तरी तो टिकत नाही. पहिल्या पावसात, पहिल्या पोपड्यासोबत तो उडतो. गोल टोक झिजलं तरी गोलच राहतं. त्यातून मजुरी फुटावर किंवा अक्षरावर ठरलेली. सकाळी सुरू केलेली भिंत संध्याकाळी संपवून पुढच्या गावाला जायचं, तर एका हातात जे अक्षर पुरं होतं तेच परवडतं.

जगात इतरत्रही असंच घडलेलं दिसतं. जपानच्या रेल्वेने स्थानकांच्या पाट्यांसाठी गोल टोकांचं ठळक अक्षर वापरलं, आणि त्यामागे पाट्या हाताने रंगवण्याची सोय हे एक कारण होतं. पश्चिमेत गोल टोकांचं अक्षर पुढे कंपन्यांच्या ओळखीचं साधन झालं. लेट्रासेटच्या घासून उमटवायच्या पानांवर १९७० मध्ये 'फ्रँकफर्टर' नावाचं लठ्ठ गोल अक्षर आलं. १९७९ मध्ये फोक्सवॅगन समूहासाठी 'व्हीएजी राउंडेड' तयार झालं आणि पुढे बरीच वर्षं ॲपलच्या कीबोर्डवरच्या अक्षरांना तेच होतं. तिथे गोलपणाचा अर्थ मऊ, आपुलकीचा, खेळकर असा ठरला. बीडच्या रस्त्यावर तो अर्थ नंतर आला. आधी आली ती सोय.

भिंतींचा खरा सुकाळ सरकारी मोहिमांनी आणला. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, हिवताप निर्मूलन, साक्षरता, पोलिओचा डोस. गाव कितीही आडवळणाला असो, वेशीवरच्या भिंतीवर हे संदेश असायचेच. घाईच्या ठिकाणी पत्र्याचं स्टेन्सिल ठेवून रंग मारत. स्टेन्सिलमध्ये अक्षराचं पोट तुटून पडू नये म्हणून मध्ये पूल सोडावे लागतात, म्हणून ती अक्षरं तुटक दिसायची. हाताने लिहिणारा पेंटर मात्र 'ब'ची तिरकी रेघ राखायला स्वतःची युक्ती करायचा. काही जण अक्षर पूर्ण जाड रंगवून मग पोटात भिंतीच्या रंगाची बारीक रेघ ओढायचे. म्हणजे रेघ लिहायची नाही, रेघेच्या दोन्ही बाजूंचा उजेड लिहायचा. जाड अक्षराची सगळी विद्या या एका युक्तीत आहे: अक्षर काळ्या रंगाने वाढतं आणि मधल्या पांढऱ्या जागेने वाचलं जातं.

मग वाहनं. एसटीच्या पुढच्या काचेमागे लावायच्या पत्र्याच्या पाट्या, 'बीड-परळी', 'अंबाजोगाई-लातूर', या वर्षानुवर्षं हातानेच रंगवलेल्या असत. स्टँडवर गाडी वळण घेत आत येते तेव्हा पाटी वाचायला फार तर चार-पाच सेकंद मिळतात. डोक्यावर गाठोडं आणि हाताला पोर असलेल्या बाईला त्या वेळात आपली गाडी ओळखावी लागते. तिथे बारीक शिरोरेषा आणि नाजूक वेलांट्या कुचकामी. अक्षर जाड हवं, अक्षरा-अक्षरांत मोकळं अंतर हवं आणि मात्रा शिरोरेषेपासून ठळकपणे वर निघालेली हवी.

ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ही बीडची आणखी खास जागा. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली ऊसतोड कामगार कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात; पुढचे काही महिने नवरा-बायकोचा एक कोयता उसाच्या फडात असतो. मुकादमाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीच्या फाळक्यावर 'श्री वैजनाथ प्रसन्न', 'आई योगेश्वरी', 'भगवानबाबा प्रसन्न'. पिवळी अक्षरं, लाल आउटलाइन, खाली उजवीकडे काळी शेड. कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांच्या वजनकाट्यापुढे लागलेल्या रांगेत कोणती ट्रॉली बीडकडची हे फाळक्यावरून ओळखता येतं. वैजनाथ परळीचे, योगेश्वरी अंबाजोगाईची. घरापासून शेकडो कोस दूर गेलेल्या माणसांनी आपलं गाव सोबत नेलं ते या अक्षरांत, आणि म्हणून ट्रॉली रंगवून घेताना कुणी अक्षरांवर काटकसर करत नाही.

छापील जगात मोठ्या अक्षराला प्रतिष्ठा मिळवून दिली ती कमल शेडगे यांनी. मुंबईच्या वृत्तपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी त्यांनी शेकडो नाटकांची शीर्षकं रेखाटली. प्रत्येक नावाला स्वतंत्र चेहरा दिला. २०२० मध्ये ते गेले. 'माझी अक्षरगाथा' हे त्यांचं पुस्तक उघडलं की देवनागरी किती वाकते, फुगते, लवते हे दिसतं. मराठवाड्यात मुंबईची वर्तमानपत्रं उशिरा पोचत, पण पोचत. आणि तालुक्याच्या गावचा पेंटर नाटकाच्या जाहिरातीतलं अक्षर कापून ठेवी. त्या कात्रणांतून बरीच वळणं भिंतींवर आली. दुसऱ्या बाजूने र. कृ. जोशी यांनी अक्षराचा शास्त्रीय अभ्यास केला. विंडोजवरचा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. पण 'मंगल' पडद्यावर मजकूर वाचण्यासाठी होता. दुकानाच्या पाटीवर तो शोभत नाही.

बीडला स्थानिक दैनिकांची मोठी परंपरा आहे. 'झुंजार नेता', 'चंपावतीपत्र', 'लोकाशा' अशी नावं जिल्ह्यात घराघरांत माहीत आहेत. खिळ्यांचे छापखाने गेले, ऑफसेट आलं, डीटीपी आलं, आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्रीलिपी'ने मराठवाड्यातल्या छापखान्यांचा ताबा घेतला. पहिल्यांदाच डझनावारी मथळ्यांची वळणं एका क्लिकवर मिळू लागली. अडचण एवढीच की या जुन्या फॉन्टांची संकेतपद्धती स्वतंत्र. बीडमध्ये जुळवलेली जाहिरात ज्या संगणकावर तोच फॉन्ट नाही तिथे उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची.

फ्लेक्स आला तो याच काळात, आणि तो पेंटरांवर पावसासारखा कोसळला. दोन दिवसांची भिंत दोन तासांत छापून टांगता येऊ लागली. वाढदिवसाच्या शुभेच्छा, नियुक्तीबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. बीडच्या चौकात एका वेळी इतके चेहरे आणि इतकी नावं झळकतात की अक्षरांची चढाओढच लागते. फ्लेक्सवर जाड अक्षर लागायचं, पण संगणकातलं जाड अक्षर बऱ्याचदा खरं जाड नसायचं. ऑपरेटर साध्या फॉन्टला बाहेरून आउटलाइन चढवून तो फुगवायचा. मग व्हायचं तेच. 'ब'चं पोट बुजायचं, 'ळ'ची घरं भरून जायची, रफार मात्रेला चिकटायचा. पेंटर ज्या गोष्टीसाठी उजेड राखायचा, ती यंत्राने घालवली. ज्यांच्या हातात ब्रश होता त्यांतले काही जण पुढे रेडियम कापायला बसले, काहींनी नंबरप्लेटचं दुकान टाकलं. एमएच-२३ आणि एमएच-४४ च्या गाड्यांवर ४१४१ हे आकडे असे वळवायचे की 'दादा' वाचता यावं, ही त्यांचीच कारागिरी. नियमात ती बसत नाही, पण त्यात आकड्याचं वळण अक्षराकडे नेण्याची जी समज आहे ती शाळेत कुणी शिकवलेली नव्हती.

देवनागरीसाठी जाड आणि गोलसर अक्षर मुळापासून आखण्याचं काम दहाएक वर्षांपूर्वी मुंबईच्या 'एक टाईप' या गटाने केलं. सारंग कुलकर्णी, गिरीश दळवी, नूपुर दाते ही त्यातली नावं. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा 'मोदक' २०१५ मध्ये आला. नावाप्रमाणेच तो फुगीर. अक्षरांची पोटं इतकी भरलेली की आत केसाएवढी फट उरते, आणि त्या फटीवर अक्षर तगतं. प्रत्येक अक्षराची फट वेगळी बेतलेली आहे. आउटलाइन चढवून 'मोदक' होत नाही. भिंतीवरच्या पेंटरने पोटात ओढलेली पांढरी रेघ आणि 'मोदक'मधली ही फट, दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत.

त्याच गटाचा 'बालू' जास्त कामाचा ठरला. नाव किपलिंगच्या 'जंगल बुक'मधल्या अस्वलाचं आणि अंगलटही तशीच: वजनदार, कोपरे मऊ, पण चाल हलकी. रोमन अक्षरांत कमान जिथे उभ्या दांड्याला मिळते तिथे एरवी टोक बाहेर येतं. 'बालू'त ते काढून टाकलं आहे, रेघ सरळ वळून दांड्यात शिरते. देवनागरीतही रेघ कान्याला अशी मिळते की सांध्यात काळा गोळा साचत नाही. सांध्याजवळ रेघ किंचित बारीक केलेली असते, ती डोळ्याला दिसत नाही, पण त्यामुळे 'क' आणि 'फ' श्वास घेतात. 'बालू' एकट्या देवनागरीसाठी थांबला नाही. गुजरातीचा 'भाई', पंजाबीचा 'पाजी', बंगालीचा 'दा', तमिळचा 'तंबी', मल्याळमचा 'चेट्टन' अशी भावंडं निघाली. सुरुवातीला वजन एकच होतं. 'बालू २'मध्ये साध्यापासून अतिजाडपर्यंत पाच वजनं मिळाली. फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आणि मुक्त परवान्याचा, शिवाय युनिकोड. म्हणजे केजचा फ्लेक्सवाला आणि वडवणीत मोबाईलवर शुभेच्छापत्र करणारा मुलगा, दोघांनाही तो एकाच दिवशी, एकाच किमतीला, म्हणजे फुकट मिळाला. मजकूर एकाने पाठवला तर दुसऱ्याकडे तो मराठीच दिसतो.

या भावंडांत 'भाईजान'ही आहे, अरबी लिपीचा, उर्दूला चालणारा. बीड शहरात उर्दू पाट्या आजही आहेत, उर्दू शाळा आहेत. संस्थानकाळापासूनची वाचनाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय नस्तालिकची आहे, उजवीकडून डावीकडे उतरत जाणाऱ्या वळणाची. 'भाईजान' नस्ख वळणाचा, सपाट ओळीवर बसणारा. त्यामुळे एकाच पाटीवर मराठी आणि उर्दू सारख्या वजनात बसवता येतात, ही मोठी सोय. पण जुन्या कातिबांचं अक्षर पाहिलेल्या डोळ्याला ती उर्दू थोडी परकी वाटते. नस्तालिकमध्ये असं जाड, गोल, पाटीवर शोभणारं अक्षर घडवणं हे अजून कुणीतरी हाती घ्यायला हवं असं काम आहे, आणि त्याची गरज मुंबईपेक्षा बीड, परभणी, छत्रपती संभाजीनगरसारख्या गावांना जास्त आहे.

पाट्यांचा प्रश्न आता कायद्यातही आला आहे. २०२२ च्या दुरुस्तीने राज्यातल्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नये असं ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. कायदा अक्षराच्या उंचीबद्दल बोलतो, वजनाबद्दल नाही. रोमन नाव जाड आणि त्याच उंचीचं मराठी नाव काडीसारखं बारीक, अशा पाट्या त्यामुळे नियमात बसतात. दोन्ही लिप्या एकत्र आखलेला जाड फॉन्ट असला की ही पळवाट उरत नाही. म्हणूनच 'बालू'सारखं काम दुकानदारापर्यंत पोचणं महत्त्वाचं आहे.

एक काम अजून बाकी आहे, आणि ते बारीक आहे. मराठीचा 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी प्रमाण वळणं जाहीर केली, त्यात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' आहे. भिंतीवरचा पेंटर मराठीच 'ल' काढायचा, त्याला दुसरा ठाऊकच नव्हता. फॉन्टमध्ये मात्र बहुधा हिंदी वळण आधी येतं, आणि मराठी वळण दिलेलं असलं तरी ते बाहेर काढायला मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवावी लागते किंवा पर्यायी अक्षर हाताने निवडावं लागतं. घाईत फ्लेक्स करणारा ऑपरेटर तेवढं थांबत नाही. माजलगावच्या आणि शिरूर कासारच्या कमानींवर कोणता 'ल' आणि कोणता 'श' चढतो, हे सध्या तरी त्या ऑपरेटरला ती सोय कुणी दाखवून दिली आहे की नाही यावर ठरतं.